हद्दीबाहेरच्या दोन हाका

मी दुसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा बाई माझ्यापासून चार हातांवर बसलेल्या होत्या. व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर, पाय वर घेऊन. माझ्या तोंडाकडेच बघत होत्या. पण ओ देत नव्हत्या.

माझ्या हातात बोर्ड होता. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी. सहाव्या नंबरला त्यांचं नाव. आत जज मॅडम डायसवर येऊन बसल्या होत्या. रीत अशी, की नाव तीन वेळा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी उभं राहिलं नाही, तर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो आणि केसचं काय होईल ते सांगता येत नाही. कोर्टाच्या आवारात असून गैरहजर पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. कोणी चहाला गेलेलं असतं, कोणी वकिलाला शोधत फिरत असतं. पण समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून गप्प राहिलेलं माणूस पहिल्यांदाच बघत होतो.

ऐकायला कमी येत असेल, असं वाटलं. तिसऱ्यांदा छाती भरून पुकारलं.

"यमुनाबाई जिवा भोयेऽऽ!"

"ओ," त्या म्हणाल्या. पाय खाली घेतले, पदर सारखा केला आणि उठल्या. जणू पहिलीच हाक ऐकली.

आत नेताना मी हळूच म्हटलं, "आजी, पहिल्या हाकेलाच ओ द्यायची. आत्ता तुमची केस गेली असती."

त्या दारातच थांबल्या. "पहिल्या हाकंला कशी देऊ, बाबा? दोन हाका कोनी बी मारतं. तिसरी मानसाची."

मला पुढचं पाऊल टाकवेना. हे वाक्य माझ्या आईचं होतं. शब्द वेगळे, वाक्य तेच.

मी मूळचा कोकणातला, खाडीकाठचा. वडील तरीवर होते. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. सहावीतून शाळा सुटली आणि मी त्यांच्या हाताखाली लागलो. माझं काम ओरडायचं. होडी पलीकडच्या काठाला असेल तर इकडून हाकारून ती बोलवायची. पाण्यावरून आवाज कसा न्यायचा, शेवटचं अक्षर किती ताणायचं, वारा तोंडावर असेल तर मान कुठे वळवायची, एवढंच माझं शिक्षण. तिन्हीसांजेला आई मला बजावायची, "तिसरी हाक येयपर्यंत ओ देव नको रे झिला." तिचं म्हणणं, वाईट वाऱ्यातलं जे असतं त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी मारायला जिवंत छाती लागते.

पुढे खाडीवर पूल झाला. तर बंद पडली. गावचे एक काका देवळाली कॅम्पात लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते, त्यांच्या ओळखीने मी नाशिकला आलो. नव्वदनंतरची गोष्ट. कोर्टात शिपायाच्या जागा निघाल्या होत्या. नाझर साहेब, म्हणजे कोर्टातल्या शिपाई-बेलिफांचे हेड, त्यांनी माझा शाळेचा दाखला बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"सहावी? दुसरं काही येतं का?"

"हाकारता येतं, साहेब."

"मग हाकार. त्या गेटवर जा आणि माझं नाव घे."

मी घेतलं. सीबीएसच्या बसस्टँडवर उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. नाझर साहेब हसले आणि म्हणाले, "बस कर. आता माझी बायको पण येईल." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण सांगतो, त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत एक भीती कधी गेली नाही. कोणी तरी म्हणेल, तुझं शिक्षण काय, तू इथे कसा? म्हणून मी प्रत्येक नाव सकाळी तीनदा वाचून घ्यायचो. चुकीचं नाव पुकारलं तर लोक हसतात, आणि बरोबर नाव पुकारलंच नाही तर कोणाचा तरी जन्म वाया जातो.

तर ही केस दोन हजार सालानंतरची. तेव्हा आमच्या सेशन्स कोर्टाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमलेलं होतं. लोकांना वाटायचं, वेगळी इमारत असेल, वेगळे जज असतील. तसं काही नव्हतं. तोच हॉल, त्याच मॅडम, तोच मी. दाराबाहेर आणखी एक पाटी लागली, एवढाच फरक. पण त्या पाटीखाली पहिली केस आली तेव्हा ऑफिसात कोणालाच नीट माहीत नव्हतं, की या पाटीखाली काय येतं आणि काय येत नाही. वकील मंडळी याला ज्युरिसडिक्शन म्हणतात. साध्या भाषेत हद्द. गावाला शीव असते तशी कोर्टाला हद्द असते. हद्दीबाहेरची केस कितीही खरी असली तरी जज तिला हात लावू शकत नाही.

यमुनाबाईंची केस अशी. पेठ तालुक्यात, राज्याच्या सरहद्दीला लागून त्यांचा पाडा. मुलगा मंगळू, सव्वीस वर्षांचा. डोक्यावर लाकडाची मोळी नेताना दोन रखवालदारांनी धरला. ते कोणत्या खात्याचे ते इथे लिहीत नाही. अंगावर खाकी होती, एवढं पुरे. सकाळी त्याला पाड्यासमोरच्या ओहोळापलीकडे असलेल्या चौकीत नेऊन कोंडला, हे दोन्ही बाजूंना मान्य. तिसऱ्या दिवशी मंगळू सरहद्दीवरच्या नदीत, पलीकडच्या राज्याच्या काठाला सापडला. अंगावर वळ होते.

मधल्या वेळेचा वाद होता. रखवालदारांचं म्हणणं, आम्ही त्याला दुपारी एक वाजता डोंगरावरच्या नाक्यावर नेऊन पलीकडच्या राज्याच्या माणसांच्या ताब्यात दिला. तशी ताबा-पावती त्यांनी दाखल केली होती. पावतीवर तिकडची म्हणून एक सही होती. ती कोणाची, ते तिकडच्यांनाही वाचता आलं नव्हतं. पण कागद होता.

यमुनाबाईंकडे कागद नव्हता. त्यांच्याकडे हाक होती. त्या संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी पाड्यावरून ऐकली. "आये." खालच्या चौकीकडून. थोड्या वेळाने पुन्हा, "आये." त्यांनी ओ दिली नाही. तिसरीची वाट बघत उंबऱ्यात उभ्या राहिल्या. तिसरी आली नाही.

म्हणजे हाक खालच्या चौकीतून आली असेल तर मुलगा संध्याकाळी आपल्याच जिल्ह्यात, याच दोघांच्या कुलपात होता. केस आमची. हाक वरच्या नाक्याकडून आली असेल, किंवा आलीच नसेल, तर पावती खरी. मग पुढे जे झालं ते दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या माणसांनी केलं. केस आमच्या दारातून परत. आणि साठीला टेकलेल्या बाईंनी दुसऱ्या राज्यात जाऊन, न वाचता येणाऱ्या सहीचा माणूस शोधायचा.

त्या दिवशी वाद फक्त हद्दीवर झाला. आरोपींतर्फे कारखानीस वकील. पिकलेले केस, गोड आवाज, अगदी सावकाश बोलायचे. ते सावकाश बोलायला लागले की समोरचा घाबरायचा. सरकारतर्फे सोनवणे साहेब. या कोर्टासाठी वेगळा सरकारी वकील नेमतात, ते हे.

कारखानीस म्हणाले, "मॅडम, मानवी हक्काची केस म्हणायची तर सत्तेचा हात लागतो. माझे अशील रोजंदारीवरचे वॉचमन. साधी मारामारी असेल तर साध्या कोर्टात जाऊ द्या."

मॅडमनी मान वर केली नाही. "चौकीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते?"

"त्यांच्याकडे."

"कुलूप कोणी दिलं?"

"खात्यानं."

"मग सत्तेचा हात लागला. पुढे बोला."

मागच्या बाकांवर कोणी तरी हसलं. मी "शांतता" म्हटलं, ते पण माझंच काम.

"मानवी हक्क आयोगाकडेही पत्र गेलेलं आहे, मॅडम. एकाच गोष्टीचे दोन दरवाजे..."

"आयोग शिफारस करतो, कोर्ट शिक्षा करतं. एकानं पत्र उघडलं म्हणून दुसऱ्याचं दार लागत नाही. तिसरा मुद्दा घ्या, कारखानीस. तुम्ही आलाय त्याच्यासाठी."

कारखानीस हसले आणि यमुनाबाईंकडे वळले. मघाशी दारात झालेलं आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. मी पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत उभा राहिलो.

"आजी, तीन हाकांचा तुमच्याकडे काय रिवाज आहे?"

"तिसरीला ओ द्यायची."

"आणि पहिल्या दोन?"

"कोनाच्या बी असत्यात."

"कोणाच्या बी म्हणजे?"

यमुनाबाई म्हणाल्या, "मेल्या मानसाच्या."

"तुम्हाला त्या संध्याकाळी किती ऐकू आल्या?"

"दोन."

"मग तुमच्याच हिशोबानं ती तुमच्या मुलाची हाक नव्हे. निदान जिवंत माणसाची तर नव्हेच." ते मॅडमकडे वळले. "साक्षीदारानं स्वतः तेव्हा असंच मानलं, म्हणून ओ दिली नाही. आज ती हाक मुलाची कशी झाली?"

यमुनाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "सकाळी चांगला धडका नेला त्यांनी. दिवेलागनीला तो मेलेला होता असं तुमी म्हनता. मंग लयच वंगाळ झालं की. मंधी त्याला कोनी मारला?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हाक कोणाची, हे खटल्यात बघू," त्या म्हणाल्या. "आज प्रश्न एवढाच, की तिथून हाक इथवर पोचते का."

"मॅडम, डोंगरातला आवाज," कारखानीस म्हणाले. "देवळालीच्या तोफा नाशिकरोडला ऐकू येतात. म्हणून त्या काय नाशिकरोडला सुटतात?"

मी देवळाली कॅम्पातच राहायचो. त्यांचं खोटं नव्हतं. तोफांचा सराव चालला की आवाज कधी पूर्वेकडून वाटतो, कधी घराच्या मागून. कानाला दिशा कळते हा भ्रम आहे.

"म्हणूनच जाऊन बघू," मॅडम म्हणाल्या. जजला तशी सोय कायद्यात आहे. दोन्ही बाजूंना नोटीस देऊन जागा बघायची आणि काय बघितलं त्याचं टिपण केसला लावायचं. "त्याच वेळेला, त्याच हवेत. वरून आणि खालून, दोन्हीकडून हाक मारून बघू."

"मारणार कोण?" कारखानीसांनी विचारलं.

मॅडमनी दाराकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. दारात मी होतो.

दिवाळी होऊन गेली होती. थंडी पडायला लागलेली. दोन जीपगाड्या करून आम्ही सावळ घाटाने वर गेलो. पाड्यावर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. सात-आठ घरं. यमुनाबाईंचं सगळ्यात कडेला. अंगणातून समोर बघितलं की ओहोळ, त्यापलीकडे चढावर खालची चौकी, दगडाची, पत्र्याची. चौकीच्या मागे डोंगराची धार. धारेवर हद्दीचा दगड. वरचा नाका धारेच्या पलीकडे, इथून दिसत नव्हता.

ठरलं असं. मॅडम, स्टेनो जोशीबाई, दोन्ही वकील आणि यमुनाबाई अंगणात थांबणार. मी चौकीत जाणार. मी लबाडी करू नये म्हणून माझ्याबरोबर कारखानीसांचे ज्युनिअर, वैद्य वकील. वैद्यांचं घड्याळ आणि मॅडमचं घड्याळ एका मिनिटावर जुळवून घेतलं. खालच्या चौकीतून दार लावून तीन हाका. मग धार ओलांडून वरच्या नाक्यावरून तीन हाका. जोशीबाईंनी इकडे काय ऐकू आलं आणि किती वाजता, ते लिहायचं. वैद्यांनी तिकडे किती मारल्या आणि किती वाजता, ते लिहायचं. परत येईपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही.

"नाव कोणाचं पुकारू, मॅडम?" मी विचारलं.

"नाव नाही. त्यानं जे हाकारलं तेच."

मी यमुनाबाईंकडे बघितलं नाही. माझी आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तार उशिरा मिळाली, मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानंतर तो शब्द मी मोठ्याने उच्चारला नव्हता. कोणाला उद्देशून उच्चारणार?

चौकी त्या घटनेनंतर वापरात नव्हती. दार ढकललं तर आत ओल्या राखेचा वास. पाटीएवढी खिडकी, तिला गज. वैद्य म्हणाले, "दार लावून घ्या." मी आतून कडी चाचपायला लागलो. कडी नव्हती. आतल्या बाजूला कडीचं भोकसुद्धा नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, ही खोली आतून लावण्यासाठी नाहीच. वैद्यांनी बाहेरून लावली. मी आत एकटा.

सहा वाजून दोन मिनिटं. खिडकीतून पाड्यावरचा एक दिवा दिसत होता. यमुनाबाईंच्या घरातला असावा.

पाण्यावरून आवाज न्यायचा तसा नेला. "आयेऽऽ." दहा आकडे मोजले. "आयेऽऽ." पुन्हा दहा. दुसऱ्या हाकेनंतर मला एकदम वाटलं, की थांबावं. का ते आजही सांगता येणार नाही. खोलीत कोणी तरी माझ्या तिसऱ्या हाकेची वाट बघतंय, असं वाटलं. पण ड्युटी ती ड्युटी. तिसरी मारली. ती जरा फाटली.

वैद्यांनी दार उघडलं. आम्ही चढायला लागलो. चढ उभा होता. धारेवर हद्दीच्या दगडापाशी दोघांनाही दम लागला, म्हणून टेकलो. दगडाच्या एका अंगाला आपल्या राज्याची अक्षरं, दुसऱ्या अंगाला त्यांच्या. वारा पडलेला. रातकिडेसुद्धा नव्हते. वैद्यांनी घड्याळ बघून वहीत काही तरी लिहिलं. मी तोंड उघडलं नाही, हे इथे मुद्दाम लिहितो.

वरच्या नाक्यावर पोचलो. सहा वीसला तिथून तीन हाका मारल्या. पहिल्यापेक्षा मोठ्या. कोणी म्हणायला नको, की वरून मुद्दाम हळू हाकारलं. मग बॅटरीच्या उजेडात खाली उतरलो.

पाड्यावर आलो तेव्हा अंगणात कारखानीस खाटेवर बसले होते. यमुनाबाई अंगणाच्या टोकाला, ओहोळाकडे तोंड करून उभ्या. जोशीबाईंनी वही छातीशी धरलेली.

"खालून किती मारल्या?" मॅडमनी विचारलं.

"तीन, मॅडम."

"वरून?"

"तीन."

"आणि मधे?"

"मधे काय, मॅडम?"

मॅडमनी जोशीबाईंकडे बघितलं. जोशीबाईंनी वाचून दाखवलं. सहा दोन, तीन हाका, स्पष्ट. सहा अकरा, दोन हाका, स्पष्ट. सहा वीस, काही नाही. त्यानंतरही काही नाही.

पहिला विचार नोकरीचा आला, खोटं कशाला सांगू. सहावी शिकलेला शिपाई, जजच्या समोर प्रयोग बिघडवला म्हणून घरी. "मॅडम, आईशपथ, मी मधे तोंड उघडलं नाही."

"वैद्य?" कारखानीसांनी आपल्या ज्युनिअरला विचारलं. त्या एका शब्दावर माझं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं. वैद्य आरोपीच्या बाजूचे. ‘ओरडला’ म्हणाले असते तर चौकी सोडून दुसरीकडून मारलेली हाकही पाड्यावर येते असं झालं असतं, आणि केस तिथेच संपली असती.

वैद्यांनी वही उघडली. "सहा अकराला आम्ही हद्दीच्या दगडापाशी दम खात होतो, सर. मी वेळ लिहिलीय. हे ओरडले नाहीत. आणि मला काही ऐकूही आलं नाही."

"कुठून आल्या, जोशीबाई?" मी न राहवून विचारलं. खरं तर मला विचारायचा अधिकार नव्हता.

"खालूनच," त्या म्हणाल्या. "दार लावलेल्या खोलीतून आल्यासारख्या."

सोनवणे साहेब म्हणाले, "प्रतिध्वनी असेल."

"नऊ मिनिटांनी?" कारखानीस म्हणाले. मग ते उठले. "मॅडम, ऐकलं ते सगळं टिपणात यावं. माझी एवढीच विनंती आहे. सोयीचं तेवढं नको."

मला त्यांचा राग आला. वाटलं, आता हे म्हणणार, आवाजाचा भरवसा नाही, केस परत पाठवा. कंदिलाखाली वही धरून जोशीबाई थांबलेल्या. मग मॅडमनी टिपण सांगायला सुरुवात केली. ते इंग्रजीत होतं, पण नंतर सोनवणे साहेबांनी मला मराठीत सांगितलं, तसं लिहितो.

खालच्या चौकीतून, दार बंद असताना मारलेल्या तिन्ही हाका फिर्यादीच्या अंगणात ऐकू आल्या. वरच्या नाक्यावरून मारलेली एकही आली नाही. मधल्या वेळात आणखी दोन हाका ऐकू आल्या. न्यायालयाच्या सूचनेवरून त्या कोणीही मारलेल्या नाहीत. त्या कोणी मारल्या, हे ठरवणं या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

"चालेल, कारखानीस?"

कारखानीस खाली बघत होते. "चालेल, मॅडम," ते म्हणाले, आणि खाली सही केली.

निघताना मी यमुनाबाईंपाशी गेलो. त्या अजून ओहोळाकडेच तोंड करून होत्या.

"आजी, येतो."

"तुझ्या तिन्ही हाकांना म्या ओ दिली नाय, बाबा," त्या म्हणाल्या. "तू कोर्टाचा मानूस. तुला काय गरज. पन मंग त्या दुसऱ्या आल्या ना, तवा दिली. दुसरीलाच दिली. तिसरीची वाट नाय पाहिली." पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंग गप झाला."

जोशीबाईंना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, हो, सहा अकराच्या दुसऱ्या हाकेला बाई ओरडून "आले रे" म्हणाल्या. ते मात्र त्यांनी वहीत लिहिलं नव्हतं. मॅडमनी लिहायला सांगितलं नव्हतं.

परतताना मी मागच्या जीपमध्ये होतो. कारखानीस वकील पुढच्या सीटवर. घाट उतरल्यावर मागे न वळता मला म्हणाले, "मी इतकी वर्षं तुमचा आवाज ऐकत आलोय, म्हणून सांगतो. मघाचा तो आवाज तुमच्यासारखा नव्हता हो. तो तरुण होता."

पंधरा दिवसांनी हद्दीवरची ऑर्डर होती. सकाळी मी बोर्ड तीनदा वाचला. पहिलंच नाव यमुनाबाईंचं. व्हरांड्यात त्या त्याच बाकावर, पाय वर घेऊन. मी एकदा पुकारलं.

"ओ," त्या म्हणाल्या.

पहिल्याच हाकेला. माझं तोंड दुसऱ्या हाकेसाठी उघडलेलं तसंच राहिलं.

ऑर्डर अर्ध्या पानाची होती. फिर्यादीत सांगितलेली जागा या जिल्ह्यात आहे. कुलूप खात्याचं आहे. हाक त्या जागेवरून पोचते. पावती खरी की खोटी ते खटल्यात ठरेल. हे न्यायालय केस चालवील. सोनवणे साहेबांनी यमुनाबाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी मला नदीपल्याड जावं लागनार नाय ना?" नाही म्हटल्यावर त्या तिथेच खाली बसल्या.

केस पुढे दीड वर्ष चालली. एक रखवालदार सुटला, एकाला शिक्षा झाली. अपील मुंबईला गेलं. तिथे काय झालं मला माहीत नाही. शंभर मैलांवरच्या कोर्टात काय पुकारलं जातं ते मला ऐकू येत नाही. माझीही हद्द आहे.

यमुनाबाई प्रत्येक तारखेला यायच्या. कधी गैरहजर पडल्या नाहीत. ओ कायम पहिल्या हाकेला.

मी काही वर्षांपूर्वी रिटायर झालो. आवाज अजून आहे, पण आता घरात मोठ्याने बोललो तर नातू घाबरतो. नोकरीत असताना बोर्ड लांबला की कारकून म्हणायचे, "दोनात भागव रे, समोर कोणी नाही दिसत." त्यांना वाटायचं, माझा हेकटपणा. मी कधी भागवलं नाही. व्हरांडा रिकामा दिसला तरी तिसरी हाक छाती भरून दिली. माझ्या जागेवर जो शिपाई आला, त्यालाही जाताना एवढंच सांगितलं. दोन हाका कोणीही मारतं. तिसरी मारली तरच ते कोर्ट.